नागपूर ते टोरंटो: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

मुलगा किंवा लेक कॅनडात शिकायला गेली की घरी दोन प्रश्न हमखास येतात: ते आहे किती लांब, आणि पोचायला तास किती लागतात? मोबाइलवर शोधलं तर एका ठिकाणी ७,७६० दिसतं, दुसऱ्या ठिकाणी १२,४९०, तिसऱ्या ठिकाणी ६,७४५. तिकिटावर पाहिलं तर दिल्लीहून पहाटे तीनला निघालेलं विमान त्याच दिवशी सकाळी आठला टोरंटोत! यातला एकही आकडा चुकीचा नाही. पहिला मैलांत आहे, दुसरा किलोमीटरमध्ये, तिसरा सागरी मैलांत. १ मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, १ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तिकिटावरच्या वेळा मात्र त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात.

खालची रीत नागपूर–टोरंटोसाठी आकड्यांसह दिली आहे. आकडे बदलले की ती मेलबर्न, डब्लिन, कुठल्याही विमानतळाला चालते. यवतमाळ-गडचिरोलीकडच्या घरी बसून, साध्या मोबाइलवर हे सगळं करता येतं.

आधी विमानतळ नक्की करा

शहराचं नाव पुरेसं नाही, तीन अक्षरी कोड पाहा. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा कोड एनएजी. टोरंटोच्या मोठ्या विमानतळाचा, पिअर्सनचा, कोड वायवायझेड. टोरंटोतच बिली बिशप नावाचा आणखी एक छोटा विमानतळ आहे, त्याचा कोड वायटीझेड. वायटीओ हा कोड तर कुठल्याच एका विमानतळाचा नाही, तो सगळ्या टोरंटो शहराचा आहे. कॅनडात लंडन नावाचंही एक शहर आहे, तेही टोरंटोच्याच प्रांतात. बरीच मुलं तिथल्या विद्यापीठात असतात. त्याचा कोड वायएक्सयू. नाव वाचून घाईने इंग्लंडच्या लंडनचं तिकीट पाहिलं तर माणूस अटलांटिकच्या अलीकडेच राहील.

नातेवाइकाचा पत्ता मागवा आणि त्याला सरळ विचारा: तू घ्यायला कुठल्या विमानतळावर येणार? कोड त्याच्याकडूनच घ्या.

अंतर: कॅल्क्युलेटरवर

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये विमानतळावर बोट दाबून धरलं की ते दिसतात. आपल्याला दशांशातले दोन आकडे पुरे.

नागपूर: अक्षांश २१.०९, रेखांश ७९.०५
टोरंटो पिअर्सन: अक्षांश ४३.६८, रेखांश उणे ७९.६३

पश्चिम रेखांश नेहमी उणे धरायचे, दक्षिण अक्षांशही उणे. आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरा म्हणजे साइन-कॉसची बटणं येतील, आणि तो डिग्रीवर आहे ना, ते तपासा. सूत्र असं:

कॉस(अंतराचा कोन) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कॉस(पहिला अक्षांश) × कॉस(दुसरा अक्षांश) × कॉस(रेखांशांमधला फरक)

रेखांशांमधला फरक: ७९.०५ वजा उणे ७९.६३, म्हणजे १५८.६८.
पहिला भाग: ०.३५९८ × ०.६९०६ = ०.२४८५
दुसरा भाग: ०.९३३० × ०.७२३२ × (उणे ०.९३१६) = उणे ०.६२८६
बेरीज: उणे ०.३८०१
उलट कॉस (बटणावर cos⁻¹ लिहिलेलं असतं) घेतला की कोन ११२.३४ अंश.

पृथ्वीच्या पृष्ठभागावर बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन भाग करणाऱ्या वर्तुळाचा, एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की सुमारे १२,४९० किलोमीटर.

उत्तर विचित्र आलं तर चूक बहुतेक दोनपैकी एका ठिकाणी असते. उत्तर २,५१० च्या आसपास आलं, तर टोरंटोच्या रेखांशाचं उणे चिन्ह राहिलं. ७९.६३ पूर्व धरलं की तो बिंदू कझाकस्तानात पडतो, आणि तो नागपूरच्या जवळपास नेमका उत्तरेलाच आहे. उत्तर ३५० किलोमीटरच्या आत आलं, तर कॅल्क्युलेटर डिग्रीऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) आहे. त्या मोडमध्ये उलट कॉसचं उत्तर ३.१४ च्या वर जातच नाही, आणि त्याला १११.२ ने गुणलं की ३४९ च्या पुढे सरकत नाही.

पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७. त्यामुळे या रीतीत जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. विमानाचा वेळ काढायला तो काहीच नाही.

गणित नको असेल तर ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन कोड टाका, अंतर आणि रेषा दोन्ही दिसतात. तरी एकदा हाताने करून पाहावं असा आग्रह आहे. स्क्रीनवरचा आकडा मैलांत आहे की किलोमीटरमध्ये, हे मग बघताक्षणी कळतं.

अंतर: पृथ्वीगोलावर दोरा लावून

जिल्हा परिषदेच्या शाळेत पृथ्वीगोल असतोच. मुलांना समजावून सांगायला हीच रीत सगळ्यात चांगली. शिवणाचा जाड दोरा आधी विषुववृत्ताभोवती गुंडाळून त्याची लांबी मोजा; तेवढ्या लांबीत ४०,०७५ किलोमीटर असतात. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर ती लांबी सुमारे ९४ सेंटिमीटर भरते, म्हणजे १ सेंटिमीटरला ४२५ किलोमीटर. मग दोऱ्याचं एक टोक नागपूरवर, दुसरं टोरंटोवर, आणि दोरा सैल राहणार नाही असा ताणा. तो आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर बसतो. लांबी २९ ते साडेएकोणतीस सेंटिमीटर यायला हवी.

दोरा कुठून जातो ते नीट पाहा. पंजाब-जम्मूवरून उंच पर्वतरांगा, मग कझाकस्तान, रशियाचा वायव्य भाग, नॉर्वेच्या उत्तरेचा थंड समुद्र, ग्रीनलँडचा बर्फ आणि क्वेबेक. सगळ्यात वर तो साडेचौऱ्याहत्तर अंश उत्तरेपर्यंत चढतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर हीच वाट अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून गेलेली दिसते, आणि त्या वाटेने गेलं तर अंतर जवळपास १४,९४० किलोमीटर होतं. म्हणजे साडेचोवीसशे किलोमीटरचा वळसा. नागपूर ७९ पूर्वेला, टोरंटो ७९ पश्चिमेला, जवळजवळ समोरासमोर. अशा दोन गावांमधली जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूनेच जाते.

दिल्ली की मुंबई?

विमान कुठून बदलायचं ते ठरवताना अंतराचा हिशेब फार उपयोगी पडतो, आणि लोक नेमका तिथेच तो करत नाहीत. वरचंच सूत्र तुकड्या-तुकड्याला लावा:

नागपूर–दिल्ली ८५५ + दिल्ली–टोरंटो ११,६४० = १२,४९५ किलोमीटर
नागपूर–मुंबई ६८३ + मुंबई–टोरंटो १२,४९५ = १३,१७८ किलोमीटर
नागपूर–दोहा (कतारची राजधानी) २,८४० + दोहा–टोरंटो १०,८८० = १३,७२० किलोमीटर

दिल्ली अगदी वाटेवर आहे; तिथे थांबल्याने जेमतेम पाचेक किलोमीटर वाढतात. मुंबईला जाणं म्हणजे सरळ वाट सोडून पश्चिमेला सरकणं. मुंबईहून टोरंटो नागपूरइतकंच लांब आहे, त्यामुळे मुंबईपर्यंतचे ६८३ किलोमीटर निव्वळ वाढीव. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईला विमान सुरू झालं, पण ते रोज नसतं. त्यामुळे केवळ ते घराजवळ आहे म्हणून कॅनडाच्या प्रवासाला निवडू नये, आधी पुढचं सगळं गणित करावं.

दोहाची वाट सव्वाबाराशे किलोमीटरने लांब, म्हणजे आकाशात सुमारे दीड तास जास्त. तरीही एकट्याने जाणाऱ्या वयस्क माणसासाठी ती विचारात घ्यावी. पासपोर्टवरचा शिक्का नागपूरलाच बसतो, भारतात दुसऱ्या विमानतळावर टर्मिनल शोधत फिरावं लागत नाही. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असली आणि मधला थांबा दोन-तीन तासांपेक्षा जास्त पण रात्रभर नाही असा असला, तर किलोमीटर थोडे जास्त गेले तरी चालतील. मधल्या देशात बाहेर न पडता थांबायलाही काही देश वेगळा ट्रान्झिट व्हिसा मागतात. युरोपातून जाणारं तिकीट असेल तर पैसे भरण्याआधी हे विचारा, नंतर नाही.

किलोमीटरवरून तास

लांब पल्ल्याची मोठी विमानं वर स्थिरावल्यावर ताशी ८८० ते ९०० किलोमीटरने जातात. पण विमान सरळ रेषेत कधीच जात नाही. ठरलेले हवाईमार्ग, वादळं, उतरण्याआधीच्या घिरट्या यामुळे वाट साधारण पाच टक्के वाढते. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं आणि गेटला लागणं यात मिळून ४० मिनिटं धरा.

११,६४० × १.०५ = १२,२२२
१२,२२२ ÷ ८८० = १३.९ तास
त्यात ४० मिनिटं मिळवली की सुमारे साडेचौदा तास.

हजार किलोमीटरच्या आतल्या उड्डाणाला हा वेग धरू नका. विमान वर पोचतं न पोचतं तोच उतरायला लागतं. तिथे अंतराला ताशी ७५० ने भागा आणि ४० मिनिटं मिळवा. नागपूर–दिल्ली ८५५ ÷ ७५० = १ तास ८ मिनिटं, अधिक ४० मिनिटं, म्हणजे पावणेदोन तास. वेळापत्रकात जवळपास एवढाच वेळ दिसतो.

मग तिकिटावर पंधरा, सोळा तास किंवा त्याहून जास्त का दिसतात? पहिलं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात त्यांचा जोर आणखी वाढतो. पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला ते समोरून लागतात, परतणाऱ्याला मागून रेटतात. म्हणून जाताना आणि येताना एकाच अंतराला तासाभराचा किंवा जास्तही फरक दिसतो. दुसरं कारण बंद आकाश. युक्रेन युद्धानंतर २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने कॅनडाच्या आणि युरोपीय संघाच्या विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना बंद केलं, आणि तो आदेश मग महिन्या-महिन्याने वाढत गेला. वरच्या दोऱ्याची वाट पाहिलीत तर यातलं काय कुठे आडवं येतं हे लगेच लक्षात येईल. वळसा फार मोठा झाला की इंधन भरायला विमान मध्येच युरोपात उतरवावं लागतं, आणि तिकिटावर तो थांबा "थेट" या शब्दाआड लपलेला असू शकतो. "थेट" आणि "न थांबता" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीट काढणाऱ्याला हे स्पष्ट विचारा.

या महिन्यात विमान खरंच किती वेळ घेतंय, हे पाहायला फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर त्या विमानाचा क्रमांक टाका. गेल्या आठवड्यातली उड्डाणं दिसतात. त्यातला सगळ्यात मोठा वेळ हिशेबाला घ्या, सरासरी घेऊ नका.

घड्याळ आणि तारीख

घरच्या माणसांची सगळ्यात जास्त गडबड इथे होते. भारत वर्षभर एकाच वेळेवर चालतो. टोरंटोत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. म्हणून टोरंटो आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे.

रीत एकच ठेवा: निघण्याच्या वेळेत उड्डाणाचे तास मिळवा, मग फरक वजा करा. समजा दिल्लीहून २० जानेवारीला पहाटे ३:०० ला विमान, आणि उड्डाण साडेपंधरा तासांचं.

३:०० + १५:३० = १८:३०, ही आपली वेळ
१८:३० − १०:३० = ८:००, टोरंटोची वेळ, तारीख २० जानेवारीच

कागदावर तीन ते आठ असे पाचच तास दिसतात. तेवढे पाहून कोणी माणसाला एका पाण्याच्या बाटलीवर पाठवू नये.

येताना उलट: फरक मिळवा. टोरंटोहून १० फेब्रुवारीला रात्री ९:०० ला निघालं आणि चौदा तास लागले, तर तिथे ११ तारखेचे सकाळचे ११:०० वाजलेले असतात. त्यात साडेदहा मिळवले की दिल्लीत ११ तारखेच्या रात्रीचे ९:३०. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे +१ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दुसरा दिवस.

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख मात्र दर वर्षी कुणाला ना कुणाला रडवते. तिकिटावर "२० जानेवारी, ००:४०" असेल तर विमानतळावर १९ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास पोचायचं असतं. २० तारखेला रात्री जेवून निघालेल्या माणसाचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर १९ तारखेच्या चौकोनात "आज रात्री" असं लिहून ठेवा. मोबाइलच्या कॅलेंडरवर भरवसा ठेवू नका. गाव बदललं की त्यातली वेळही कधीकधी आपोआप सरकते. वेळा कागदावर लिहा आणि प्रत्येक वेळेपुढे गावाचं नाव लिहा.

गावातून नागपूर, नागपूरहून पुढे

वेळ उलटी मोजत या. वरचंच उदाहरण घेतलं, तर दिल्लीहून पहाटे तीनला विमान. दिल्लीत किमान सहा तास हवेत: देशांतर्गत विमानांचं टर्मिनल आणि आंतरराष्ट्रीय टर्मिनल तीन यांच्यात बस लागू शकते, मग काउंटर, इमिग्रेशन, तपासणी. आंतरराष्ट्रीय काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, काही कंपन्यांचा त्याहीआधी. म्हणजे दिल्लीत १९ च्या रात्री नऊला उतरायला हवं, नागपूरहून सातला निघायला हवं, नागपूरच्या विमानतळावर पाचला हजर. यवतमाळजवळच्या गावातून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. एसटीने चार तास आणि बस चुकली तर पुढची मिळेल इतकी मोकळीक धरली, तर साडेबाराला घर सोडायचं. टोरंटोत आठला उतरून सामान घेऊन बाहेर पडायला दहा वाजतील, तेव्हा आपल्याकडे २० तारखेच्या रात्रीचे साडेआठ. घर ते बाहेरचं दार एकूण ३२ तास, त्यात हवेत सव्वासतराच. बाकीचे पंधरा तास जमिनीवर जातात, आणि प्रवास बिघडतो तो बहुधा याच तासांत.

वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडून येणाऱ्या गाड्या वर्धा रोडनेच शहरात शिरतात आणि विमानतळ सोनेगावला, त्याच रस्त्यालगत आहे. गणेशपेठच्या बसस्थानकापर्यंत जाऊन परत फिरण्याऐवजी विमानतळाच्या फाट्याजवळ उतरता येईल का, हे कंडक्टरला बसतानाच विचारा. वाशिम, मेहकरकडून चारचाकीने येणार असाल तर समृद्धी महामार्ग वेळ वाचवतो, मोटारसायकलला तिथे प्रवेश नाही. सिरोंचा, भामरागड, अहेरीकडच्यांनी पावसाळ्यात एक दिवस आधीच नागपूर गाठावं. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो, आणि त्या कारणाने सुटलेल्या विमानाचे पैसे कोणी परत देत नाही.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीतलं धुकं हा वेगळाच हिशेब. पहाटे आणि सकाळी दिल्लीची विमानं तासन्‌तास उशिरा होतात, आणि नागपूरला येणारं विमान दिल्लीहूनच येत असेल तर इथलं आभाळ स्वच्छ असूनही उशीर लागतो. त्या दोन महिन्यांत दिल्लीला दुपारी किंवा संध्याकाळी पोचणारं विमान घ्या.

तिकीट शक्यतो एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, काढा. पहिलं विमान उशिरा झालं तर पुढची व्यवस्था कंपनी करते आणि बॅग थेट टोरंटोपर्यंत जाते. सेतू केंद्रात किंवा ओळखीच्याकडून दोन वेगळी स्वस्त तिकिटं काढली, तर दिल्लीत बॅग घेऊन पुन्हा जमा करावी लागते. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच चालतात आणि कॅनडाच्या विमानाला २३ किलोची बॅग भरलेली असते. वरच्या आठ किलोंचे पैसे नागपूरलाच मोजावे लागतात. लोणच्याच्या बरण्या आणि तिखटाची पुडकी त्या हिशेबाने भरा.

परत येताना तिकीट एकच असलं तरी दिल्लीत बॅग हातात घ्यावीच लागते. भारतात जिथे पहिल्यांदा उतरतो तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम होतं, त्यानंतर नागपूरसाठी बॅग पुन्हा द्यायची. त्यामुळे दिल्ली–नागपूर विमानासाठी मध्ये चार तास तरी ठेवा. रात्री साडेनऊला दिल्लीत उतरणाऱ्या वयस्क माणसाला पहाटेचं विमान घेऊन द्या. सकाळी नागपूरला पोचलं की गावाकडची एसटी उजेडात मिळते.